शिवेवरचा कोंड: पाणीटंचाई, जलपर्णी आणि एका बंधाऱ्याचा हिशेब

सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला दोन नद्या महाराष्ट्र आणि गोव्याच्या वाटणीत येतात. तेरेखोल मनोहरगडाच्या अंगाने उतरते, बांद्यावरून पुढे जाते आणि खालच्या टप्प्यात दोन राज्यांमधली शीव धरते. तिथेही एक गंमत आहे. मुखाशी उत्तरेच्या काठावरचं तेरेखोल गाव आणि किल्ला गोव्यातच मोडतात, त्यामुळे ‘नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते’ हे नकाशावरसुद्धा शेवटपर्यंत टिकत नाही. दुसरी तिळारी. ती चंदगडच्या बाजूने घाट उतरून दोडामार्गात येते आणि गोव्यात शापोरा होऊन समुद्राला मिळते. तिळारीच्या धरणाचा करार दोन्ही राज्यांत १९९० साली झाला. खर्चात गोव्याचा वाटा ७३.३ टक्के आणि महाराष्ट्राचा २६.७ टक्के, इतकं दशांशापर्यंत ठरलेलं आहे. कालवा फुटला की बार्देस-पेडण्यात नळ कोरडे पडतात, आणि मग दोन्हीकडचे अधिकारी त्या कागदाकडे बोट दाखवू शकतात.

खालच्या छोट्या बंधाऱ्यांना असा कागद नसतो. फळ्या कुणी घालायच्या, फट कुणी बुजवायची, जलपर्णी कुणी ओढायची, ओढलेली कुठे टाकायची, यातलं काहीच लिहिलेलं नाही. हे प्रकरण अशा एका बंधाऱ्याचं आहे. खालचा पट्टा कुठल्या ठरावीक गावाचा नाही. या दोन खोऱ्यांत शिवेवर जसे बंधारे आणि कोंड (बंधाऱ्यामागे तुंबलेले साठे) असतात, तशी मापं धरून तो हिशेबासाठी मांडला आहे. आपल्या बंधाऱ्याची मापं घालून कुणीही तोच हिशेब पुन्हा करू शकतो.

पट्टा असा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, म्हणजे खांबांच्या खाचांत फळ्या घालून पाणी अडवायचं; ४० मीटर रुंद, खांबांमधले १५ गाळे. फळ्या घातल्यावर मागे ६०० मीटरपर्यंत पाणी तुंबतं. बंधाऱ्याशी खोली दीड मीटर, सरासरी एक मीटर. म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग २४,००० चौरस मीटर आणि साठा २४,००० घनमीटर, लिटरांत २ कोटी ४० लाख. उत्तर काठाला महाराष्ट्रातलं गाव, दक्षिण काठाला गोव्यातलं, प्रत्येकी ३,००० वस्ती. दोघांच्याही जॅकवेल (नळयोजनेचं पाणी उपसायच्या विहिरी) याच पाण्यात. काठाला माड-पोफळीच्या बागा आणि वायंगण (उन्हाळी भात), त्यासाठी ५ अश्वशक्तीचे पाच पंप. वरच्या अंगाला बाजारपेठेचं सांडपाणी आणणारा एक व्हाळ, म्हणजे ओढा. बंधाऱ्याच्या खाली थोड्याच अंतरावर भरतीचं खारं पाणी येऊन थांबतं.

फेब्रुवारी संपता संपता दोन्ही गावांत एकच वाक्य ऐकू येतं: जलपर्णीने पाणी प्यायलं. आधी हे वाक्य तपासू.

माणशी रोज ५५ लिटर हे जलजीवन मिशनचं माप धरलं तर ६,००० माणसांना दिवसाला ३३० घनमीटर लागतात. उन्हाळ्यात रोज ६ मिलीमीटर बाष्पीभवन धरलं तर मोकळ्या पाण्यातून १४४ घनमीटर उडून जातात. जलपर्णीच्या पानांतून किती जादा जातं, यावर अभ्यासकांचे आकडे फार लांबलांबचे आहेत. लहान टाकीत मोजलं की आकडा फुगतो, कारण टाकीतल्या रोपांना चारही बाजूंनी कोरडा वारा लागतो. सलग थरात तसं होत नाही. तरी उदार होऊन दीडपट धरू. पूर्ण पट्टा हिरवा झाला तर रोजचे ७२ घनमीटर जादा गेले.

आता फळ्यांकडे पाहू. १५ गाळे म्हणजे खांबाच्या खाचेत बसणाऱ्या ३० उभ्या सांधी. रबरी पट्टी झिजलेली, फळी एका बाजूला वाकलेली, खाचेत मागच्या वर्षीचा खडा अडकलेला, अशी कारणं दर वर्षीची आहेत. समजा सगळ्या फटी मिळून फक्त ५ मिलीमीटर रुंदीची एक उभी फट झाली. दीड मीटर पाण्याच्या दाबाखाली त्यातून सेकंदाला सुमारे १६ लिटर जातात. दिवसाचे झाले १,४०० घनमीटर, म्हणजे दोन्ही गावांच्या पिण्याच्या पाण्याच्या चौपटीहून जास्त. करंगळीसुद्धा आत जाणार नाही अशी ही फट आहे.

पंपांचं गणितही सोपं आहे. ५ अश्वशक्तीचा पंप २० मीटर उचलत असेल तर सेकंदाला ९ ते १० लिटर देतो. सहा तास चालला की २०० घनमीटर. पाच पंपांचे १,०००.

एकत्र मांडलं तर रोज पिण्याला ३३०, उन्हाला १४४, जलपर्णीला ७२, पंपांना १,००० आणि फटीला १,४०० घनमीटर. वरून येणारी धार आटली असेल तर भरलेला कोंड आठ-नऊ दिवसांत तळ दाखवेल. (पाणी उतरेल तशी गळती थोडी कमी होते, पण तोवर जॅकवेलचं तोंड उघडं पडलेलं असतं.) जलपर्णी पाणी पिते हे खरं, पण या यादीत तिचा नंबर शेवटचा. दिसते मात्र तीच. फट पाण्याखाली असते आणि पंप बागेच्या आड.

मग जलपर्णीचा त्रास नाही का? आहे, आणि मोठा आहे, पण तो दुसऱ्या जागी आहे.

पहिली जागा जॅकवेल. जलपर्णीची मुळं पिसासारखी, काळसर, हातभर लांब, आणि त्यांत गाळ धरलेला असतो. थर जॅकवेलवर येऊन थांबला की मुळांचे तुकडे जाळीवर बसतात. पंप ओढत राहतो, पण पाणी कमी येतं, मोटरचा अँपिअर नेहमीपेक्षा खाली उतरतो आणि पंपात खडे वाजल्यासारखा आवाज येतो. ऑपरेटर पंप बंद करतो. नेमकं तेव्हाच एखादं मूळ फूटव्हॉल्व्हच्या (पाइपाच्या खालच्या तोंडाशी पाणी धरून ठेवणाऱ्या) झडपेत अडकलेलं असतं. झडप पुरती मिटत नाही, पाइपातलं पाणी खाली निघून जातं आणि पहाटे पंप सुरू केला की नुसती हवा. मग दहा बादल्या ओतून प्राइमिंग, अर्ध्या तासाने पुन्हा तेच. पाणबुडी पंप असेल तर आणखी वाईट. त्याची मोटर भोवतीने वाहणाऱ्या पाण्यानेच थंड होते, म्हणून जाळी बुजली की आधी वाइंडिंग जळतं. गावात ‘पाणी संपलं’ म्हणतात त्यातले काही दिवस तरी पाणी असून उचलता न आलेले असतात.

दुसरी जागा पाण्याची प्रत. थराखाली ऊन पोहोचत नाही, वारा लागत नाही, खाली मेलेली पानं कुजतात आणि विरघळलेला प्राणवायू उतरतो. पाण्याला चहाच्या पाण्यासारखा रंग आणि डबक्याचा वास येतो. तळाच्या गाळातलं लोह सुटून पाण्यात येतं, भांड्याला तांबूस डाग पडतात. ब्लीचिंग पावडर मग कमी पडते, कारण क्लोरीन आधी त्या कुजलेल्या मालावर खर्च होतो. ३३० घनमीटरला लिटरमागे २ मिलीग्रॅम क्लोरीन द्यायचा तर ३३ टक्के ताकदीची २ किलो पावडर पुरते. थर माजल्यावर ४ किलो टाकूनही शेवटच्या नळाला ०.२ मिलीग्रॅम शिल्लक मिळेलच असं नाही. त्यात कोकणच्या दमट हवेत उघडं राहिलेलं पोतं काही आठवड्यांत निम्म्या ताकदीचं होतं. पोत्यावरचा आकडा वाचून मात्रा ठरवणं ही इथली नेहमीची चूक.

तिसरी जागा म्हणजे थर घालवण्यासाठी केलेला उपाय. खरं नुकसान इथे होतं.

एप्रिलमध्ये थर पाहून कुणाच्या तरी मनात येतं की दोन-तीन गाळ्यांच्या वरच्या फळ्या काढू, पाण्याबरोबर सगळं खाली जाईल. पाणी अर्धा मीटर उतरलं की १२,००० घनमीटर गेले, दोन्ही गावांचं ३६ दिवसांचं पिण्याचं पाणी. आणि थर जातो का? नाही. रोपं एकमेकांना आडव्या धावत्या खोडांनी बांधलेली असतात. दोन मीटरच्या गाळ्याशी आली की त्यांची मोळी होऊन बसते. बांबूने ढकलून जे थोडं खाली जातं ते भरतीच्या पाण्यात शिरतं. हजारी २ भाग मिठाला जलपर्णीची वाढ मंदावते, ६ ते ८ भागांना ती मरते. समुद्राचं पाणी ३५ भागांचं. म्हणजे खाडीत ती पिवळी पडून कुजणार हे नक्की, पण कुजेपर्यंत ती कांदळवनात अडकते, पुलाच्या खांबांना लागते आणि खालच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येते. भांडणात तिसरं गाव ओढलं जातं. शिवाय उधाणाच्या दिवसांत फळ्या काढलेल्या असतील आणि कोंडाची पातळी उतरलेली असेल, तर खारं पाणी उलट वर चढतं. विहिरी मचूळ झाल्या की पहिल्या पावसापर्यंत उपाय नाही.

घाटावर पंचगंगेला केंदाळ, म्हणजे जलपर्णीच, माजतं तेव्हाही ते खाली सोडून देण्याचा मोह होतोच. पण तिथे खाली पुढची गोडी नदी असते. इथे खाली खाडी आहे आणि मागे जेमतेम ६०० मीटरचा साठा.

दोन काठांच्या भांडणात वाऱ्याचा वाटा मोठा आहे, आणि तो फारसा कुणी धरत नाही. आपली नदी साधारण पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते असं धरा. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि संथ पाण्यावरचा थर दक्षिणेच्या काठाला आणि वरच्या अंगाला रेटतो. रात्री-पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटला की तोच थर बंधाऱ्याकडे परत येतो. गोव्याच्या बाजूचा माणूस संध्याकाळी नदीवर येतो आणि म्हणतो, ‘तुमची घाण आमच्याकडे.’ पहाटे पंप चालू करायला आलेल्या महाराष्ट्राच्या ऑपरेटरला थर बंधाऱ्याला टेकलेला दिसतो, त्यालाही तेच वाटतं. दोघंही खरं बोलतात. याचा फायदा घेता येतो. थर काढायची वेळ दुपारी चार ते सहा, जागा दक्षिण काठाचा वरचा कोपरा. वाऱ्याने फुकट गोळा करून दिलेलं तिथे उचलायचं. सकाळी सात वाजता मधल्या पाण्यात होडी घालून मारामारी करण्यात निम्मी मजुरी वाया जाते.

आता ती येते कुठून. कोकणातल्या नद्यांना एक वरदान आहे. जून-जुलैचा पूर पात्रातली प्रत्येक जलपर्णी उचलून खाडीत नेऊन मारतो. पठारावरच्या तलावांना हे सुख नाही. तरी ऑक्टोबरात ती पुन्हा दिसते, म्हणजे पुराच्या तडाख्यापासून ती कुठेतरी लपून राहते. शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: चिऱ्याच्या पडीक खाणींत साचलेलं पाणी, बाजारपेठेच्या सांडपाण्याच्या व्हाळाचे कोपरे, रस्त्याच्या मोरीमागची डबकी, शेततळी, आणि जांभळ्या फुलांसाठी कुणी हौसेने ठेवलेली अंगणातली टाकी. परतीच्या पावसात या जागा भरून वाहतात आणि दहा-वीस रोपं व्हाळातून नदीत येतात. याशिवाय काठच्या चिखलात बी असतंच. ते १५-२० वर्षं जिवंत राहू शकतं आणि पाणी उतरून चिखल उघडा पडला की रुजतं.

म्हणून कामाची तारीख एप्रिल नाही, ऑक्टोबर. गणित करून पाहू. १५ ऑक्टोबरला पाण्याचा एक टक्का, म्हणजे २४० चौरस मीटर जलपर्णी आहे. सांडपाण्याचं खत आणि कोकणची उबदार थंडी मिळाली तर साधारण पंधरा दिवसांत ती दुप्पट होते. नोव्हेंबरच्या मध्यावर ९६०, डिसेंबरच्या मध्यावर ३,८४०, जानेवारीच्या मध्यावर १५,३६०, आणि महिनाअखेर पट्टा भरला. थंडी जरा कडक पडली तर मार्च उजाडेल, एवढाच फरक. दाट थराचं ओलं वजन चौरस मीटरला ३० किलो धरा. ऑक्टोबरात काम ७ टनांचं, पूर्ण भरल्यावर ७२० टनांचं. एक माणूस होडीतून किंवा काठावरून आकड्याने ओढून दिवसाला फार तर सव्वा टन बाहेर काढतो. म्हणजे ऑक्टोबरात सहा मजूर-दिवस, फेब्रुवारीत पावणेसहाशे. आणि सरकारी मंजुरी बहुतेक वेळा मार्चअखेर येते, कारण तक्रार फेब्रुवारीत होते.

सहा मजूर-दिवसांच्या कामाला निविदा लागत नाही. दोन्ही ग्रामपंचायती मिळून ते सहज करू शकतात. अट एवढीच की फळ्या घालण्याआधी, पाणी वाहतं असताना ते झालं पाहिजे, आणि आधी लपायच्या जागा साफ झाल्या पाहिजेत. नुसती नदी साफ करून चिऱ्याची खाण तशीच ठेवली, तर डिसेंबरात तेच काम पुन्हा.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी एक होडी, दोन माणसं, अर्धा दिवस. दुपटीचा काळ पंधरा दिवसांचा म्हणून फेरीही पंधरा दिवसांची. एक फेरी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट काम, दोन चुकल्या तर चौपट. फेरीत प्रत्येक रोप मुळासकट उचलायचं. पानं कापून उपयोग नाही, खोडाच्या गाठीतून ते पुन्हा फुटतं.

काढलेला माल कुठे टाकायचा हा प्रश्न गौण वाटतो, पण वाद यावरच होतात. जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. काठावर दोन-तीन दिवस उन्हात पसरून ठेवली की वजन खूप उतरतं आणि वाहतूक निम्म्याहून कमी होते. पण ढीग जाड घातला तर आतली रोपं आठवडे जिवंत राहतात, म्हणून थर गुडघ्याखालीच ठेवायचा. आणि जागा पूररेषेच्या वर. काठालाच ढीग ठेवला तर पहिल्या मोठ्या पावसात तो परत नदीत. ट्रॉलीच्या फेऱ्यांवर पैसे ठरवले की ठेकेदार ताजा, फुगीर माल भरतो. ट्रॉली शिगोशीग दिसते आणि माल टनभरही नसतो. पैसे साफ झालेल्या पाण्याच्या क्षेत्रफळावर द्यावेत, तेही पंधरा दिवसांनी पुन्हा पाहून.

वाळलेला माल माडा-पोफळीच्या आळ्यात आच्छादनाला चांगला, फक्त फुलावर येण्याआधीचा घ्यावा. फुलून बी धरलेला असेल तर शेणासोबत खड्ड्यात घालून खत तापू द्यावं. आतला ढीग हाताला सोसवणार नाही इतका तापला पाहिजे, नाहीतर बी मरत नाही. व्हाळात कारखान्याचं पाणी येत असेल तर भाजीला हे खत नको, कारण मुळं जड धातू शोषून घेतात.

सांडपाण्याच्या व्हाळाच्या तोंडाशी तरंगता अडसर फार कामाचा. २०० लिटरचे रिकामे प्लास्टिक पिंप, त्यांना बांधलेले बांबू आणि खाली अर्धा मीटर लोंबणारी जाळी. अडसर प्रवाहाला काटकोनात बांधू नये. ३० ते ४५ अंशांत तिरका बांधला की माल आपोआप एका कोपऱ्याला सरकतो, तिथे पायऱ्या किंवा उतार असावा. दोर बंधाऱ्याच्या खांबाला बांधू नये. थराला वारा लागला की ओढ जबरदस्त बसते, आणि खांबाच्या खाचेची कड उडते ती फट म्हणून परत भेटते. अडसर आहे म्हणून तो रिकामा करायचा विसरला की त्याच्यामागे नवा थर तयार होतो. हे इतक्या वेळा होतं की काही ठिकाणी अडसर न बांधलेला बरा.

काय करू नये याचीही यादी आहे. तणनाशक मारू नये. जॅकवेलच्या पाण्यात ते नकोच, आणि त्याहून मोठा धोका म्हणजे सगळा थर एकदम मरून तळाला बसतो, कुजतो आणि मासे तोंड वर काढून मरतात. पोकलेन पात्रात उतरवू नये. काठावरून त्याचा हात आठ-दहा मीटर पोहोचतो, तेवढ्यापुरता ठीक. पण तळ खरवडला की वर्षानुवर्षं बसलेला चिकण थर निघतो, जांभ्याच्या भेगा उघड्या पडतात आणि कोंड खालून गळू लागतो. ही गळती फळ्या बदलून थांबत नाही. जलपर्णी खाणारे नीओकेटिना जातीचे भुंगे भारतात १९८०च्या दशकापासून सोडले गेले आहेत आणि संथ तलावांत ते काम करतात. मात्र त्यांची संख्या वाढायला काही वर्षं लागतात, आणि आपला पूर दर जूनला भुंग्यांसकट रोपं वाहून नेतो. ते सोडायचेच असतील तर चिऱ्याच्या खाणीत सोडावेत, नदीत नव्हे.

आणि आधी ओळख पटवावी. गोल, जाडसर, देठाला फुगा असलेली ती जलपर्णी. कोबीच्या गड्ड्यासारखी, मखमली पानांची ती पिस्टिया. दुमडलेल्या छोट्या पानांची, वर बारीक केस असलेली ती साल्व्हिनिया. तिच्यावर पाण्याचा थेंब टाका, तो मण्यासारखा वर राहतो. साल्व्हिनियाला बी नसतं, ती फक्त तुकड्यांनी पसरते. म्हणून तिला आकड्याने ओढणं म्हणजे लागवड करणं. तिला मच्छरदाणीच्या विणीची जाळी घेऊन, सावकाश, कडेकडेने गोळा करावं लागतं. सांडपाणी नसलेल्या स्वच्छ पाण्यातही ती वाढते. कुमुद, कमळ, शिंगाडा या आपल्या वनस्पती, त्या सरसकट उपटू नयेत. ठेक्यावरच्या मजुराला हा फरक कुणी दाखवत नाही.

फटीकडे परत येतो, कारण पाणी तिथेच आहे. फळ्या घालण्याआधी प्रत्येक खाच लोखंडी सळईने खरवडून घ्यावी. रबरी पट्टी नखाने दाबून पाहावी. दबून परत येत नसेल तर बदलावी. दुहेरी रांगेच्या बंधाऱ्यात मधल्या पोकळीत माती भरतात, तिथे काठावरची तांबडी खडीची माती घालू नये, ती पाणी धरत नाही. भातखाचराच्या तळाची चिकण माती, त्यात गवताचा चुरा, थोडी ओली करून वीतभर थरांत धुमसून भरावी. एकेरी फळ्या असतील तर वरच्या अंगाने जाड प्लास्टिकचा ताव सोडावा. खालची कड वाळूच्या पोत्यांनी दाबली की पाण्याचाच दाब तो ताव फळ्यांना चिकटवून धरतो. हे काम दीड दिवसाचं आहे आणि त्यातून वाचणारं पाणी सगळ्या जलपर्णीच्या वीसपट.

उरला प्रश्न पंपांचा, आणि तो सगळ्यांत नाजूक, कारण बागा दोन्ही काठांना आहेत. इथे तारखेपेक्षा मोजमाप बरं. १ एप्रिल ते १० जून हे ७१ दिवस. पिणं आणि बाष्पीभवन मिळून रोज ४७४ घनमीटर, म्हणजे एकूण सुमारे ३३,६५०. साठा २४,०००. उरलेलं वरून आलं पाहिजे, म्हणजे रोज १३६ घनमीटर, सेकंदाला १.६ लिटर. कोंडाच्या वरच्या टोकाला धार अरुंद होते तिथे ९० अंशांच्या त्रिकोणी खाचेचा पत्रा बसवावा. खाचेच्या टोकापासून पाणी ६.७ सेंटिमीटर चढलं की बरोबर १.६ लिटर. १० सेंटिमीटरला ४.४ लिटर. मोजताना पट्टी खाचेतच धरू नये, तिथे पाणी खाली वाकलेलं असतं. दोन हात मागे, संथ पाण्यात धरावी.

कोंड काठोकाठ भरलेला असताना १ एप्रिलला खाचेत १० सेंटिमीटर असेल तर दिवसाला ३७७ घनमीटर येतात. गरजेपेक्षा २४० जास्त. म्हणजे एक पंप सहा तास बिनघोर चालेल, पाच नाही. पाच बागायतदारांनी पाळी लावून घ्यावी. ६.७ सेंटिमीटरला शेतीपंप बंद. खाचेचा आकडा दोन्ही गावचे ऑपरेटर एकत्र वाचतात आणि दोन्ही वह्यांत एकाच वेळी लिहितात, हे पाळलं की ‘तुम्ही रात्री उपसलं’ हा आरोप निम्म्याने कमी होतो. उरलेला निम्मा बहुधा खरा असतो.

कागद कुणाला पाठवायचा यात एक अडचण आहे. महाराष्ट्राच्या बाजूला ग्रामपंचायतीवर पंचायत समिती आणि जिल्हा परिषद, गोव्याच्या बाजूला पंचायत समिती नाही, पंचायतीवर जिल्हा पंचायत, आणि बंधारा राज्याच्या जलस्रोत खात्याचा. एका बाजूचा शाखा अभियंता जे सही करू शकतो, त्यासाठी दुसऱ्या बाजूला फाइल पणजीला जाते. म्हणून संयुक्त योजनेच्या मागे लागण्याआधी दोन ग्रामसभांत एकाच मजकुराचा ठराव करून घेणं जास्त कामाचं. त्यात चारच गोष्टी असाव्यात: फळ्या घालण्याची आणि काढण्याची तारीख, पंधरवड्याच्या फेरीची पाळी, माल टाकायच्या दोन जागा, आणि खाचेचा तो ६.७चा आकडा. खर्च निम्मा-निम्मा. रुपयांत तो इतका छोटा आहे की टक्के काढत बसायला नको.

तारखांत सगळ्यांत अवघड तारीख फळ्या काढायची. पिण्याचं पाणी १० जूनपर्यंत पुरवायचं, आणि फळ्या पुराआधी निघाल्या पाहिजेत. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच तळकोकणात उतरला. ज्यांची तारीख ३१ मे होती त्यांच्या फळ्या तेव्हा पाण्याखाली. पहिल्या लोंढ्याबरोबर झाडाच्या फांद्या, बांबू आणि वरची उरलेली जलपर्णी येऊन फळ्यांना लागते, बंधाऱ्याची भिंत होते आणि पाणी काठ पोखरून बगलेने वाट काढतं. एकदा बगल फुटली की बंधारा कोरड्यात आणि नदी शेजारून.

यावर मधला मार्ग आहे. मे महिन्यात पातळी उतरलेलीच असते, म्हणून पाण्याच्या वर आलेल्या फळ्या १५ मेपासूनच काढत जावं, त्या काहीच अडवत नसतात. तळच्या दोन फळ्या ठेवाव्यात, पण त्यांच्या कड्यांना आधीच दोर बांधून तो खांबावर आणून ठेवावा, म्हणजे पाणी चढलं तरी वरून ओढता येतील. आदल्या आठवड्यात प्रत्येक फळी एकदा हलवून बघावी. गाळात रुतलेली फळी लोंढ्यात निघत नाही. तरंगता अडसर त्याच दिवशी काढून पिंपं उलटी करून ठेवावीत. फळ्या धुऊन, डांबराचा हात मारून, छपराखाली, जमिनीपासून वीतभर वर रचाव्यात, आणि रचताना मोजाव्यात. दोन्ही गावांच्या वह्यांत संख्या एकच हवी, कारण ऑक्टोबरात दोन फळ्या कमी निघतात तेव्हा त्या भंगारात गेल्या की समोरच्या काठावर, हे ठरवायला तेवढाच आकडा हाताशी असतो.